खोटी गिऱ्हाइकं आणि विजेच्या गाड्या

आमच्या चौथीच्या वर्गात परवा 'वाहतुकीची साधने' हा पाठ चालू होता. बैलगाडीपासून विमानापर्यंत सगळे फळ्यावर काढून झाले होते. तास संपायला दहा मिनिटे होती, म्हणून मी सहज म्हणाले, "मुलांनो, जगात एक देश असा आहे, की तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी ८९ मोटारी विजेवर चालणाऱ्या होत्या!"

मुलांना वाटले, बाई फेकतायत. मग नकाशा काढला, युरोपच्या डोक्यावर बसलेला नॉर्वे दाखवला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे माझी परीक्षाच असते. ती म्हणाली, "बाई, मग तिथल्या गॅरेजवाल्यांचं काय झालं?"

तिच्या बाबांचं एसटी स्टँडमागे गॅरेज आहे. स्कूटर, मोटारसायकली दुरुस्त करतात.

मला उत्तर येत नव्हतं. "शोधून सांगते," म्हटलं आणि घंटा झाली. पण कबूल केलं होतं ना! म्हणून शोधायला बसले आणि एका वेगळ्याच गोष्टीत जाऊन पडले. ती तुम्हाला सांगायची आहे. गॅरेजकडेही येते, जरा दम धरा.

आधी हा नॉर्वे कसा आहे ते बघू या. आकाराने साधारण आपल्या महाराष्ट्राएवढा. माणसं मात्र जेमतेम ५५ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्मीसुद्धा नाहीत. डोंगर, बर्फ आणि आत घुसलेल्या समुद्राच्या लांब लांब खाड्या. आणि गंमत अशी, की हा देश तेल आणि वायू विकून श्रीमंत झालेला आहे. म्हणजे तेल विकणाऱ्याच्या घरातच तेलाची गाडी नको झाली! दुकानदाराने स्वतःच्या दुकानातला माल खाऊ नये, तसलाच प्रकार.

याची सुरुवात कुठून झाली म्हणाल, तर १९८९ साली, एका लाल चिमुकल्या फियाट पांडा गाडीपासून. नॉर्वेचे 'आ-हा' नावाचे गाणी म्हणणारे मंडळ तेव्हा जगभर गाजत होते. त्यातल्या कलाकारांनी आणि 'बेलोना' या पर्यावरण संस्थेच्या फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी ही पांडा स्वित्झर्लंडहून नॉर्वेत आणली. आणून काय केलं? ओस्लो शहरात टोलनाक्यावरून टोल न भरता फिरायला लागले! "आमची गाडी धूर सोडत नाही, मग टोल कशाला?" असं त्यांचं म्हणणं. दंड झाला, तोही भरला नाही. शेवटी सरकारने गाडी जप्त केली आणि लिलावात काढली. लिलावात ती घ्यायला दुसरं कोण येणार? पुन्हा यांनीच ती स्वस्तात विकत घेतली आणि पुन्हा टोलनाक्यावर हजर!

(मुलांनो, टोल चुकवायला शिकवत नाहीये हं मी. आईबाबांना तसं सांगू नका.)

पण या खोडीचा उपयोग झाला. १९९० मध्ये विजेच्या गाड्यांवरचा आयातीचा आणि खरेदीचा कर माफ झाला. १९९७ मध्ये टोल माफ झाला. २००१ मध्ये मूल्यवर्धित कर माफ झाला, आणि तो थोडाथोडका नव्हे, २५ टक्के असतो. २००५ पासून या गाड्यांना बसच्या राखीव मार्गिकेतून जायला परवानगी मिळाली. बाकीचे लोक रांगेत कंटाळून बसलेत आणि शेजारून विजेची चिमुकली गाडी सुळ्ळकन पुढे जाते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आणा!

त्या काळातल्या विजेच्या गाड्या म्हणजे खेळण्यातल्या वाटाव्यात अशा असत. आपल्या बंगळूरला बनलेली दोन दारांची 'रेवा' तुमच्या आईबाबांना आठवत असेल. ही रेवासुद्धा समुद्र ओलांडून ओस्लोच्या बर्फात धावायला गेली होती, बरं का! पुढे २०१० साली रेवा कंपनी मुंबईच्या महिंद्रांनी विकत घेतली.

मोठ्या, लांब पल्ल्याच्या गाड्या बाजारात आल्या त्या २०११ नंतर. आणि मग नॉर्वेतला आकडा असा चढत गेला, की जगभरचे अभ्यासक वह्या-पेन्सिली घेऊन तिकडे धावले. सगळ्यांचा प्रश्न एकच. नॉर्वेलाच हे का जमलं?

दोन डबे मेथीचे

आता इथे खरी मेख आहे. एखादी गोष्ट 'का' झाली हे शोधायचं कसं?

तुम्ही शाळेत मेथीचा प्रयोग केला असेल. दोन डबे घ्यायचे. माती तीच, बी तेच, पाणी तेवढंच. एक डबा खिडकीत ठेवायचा, दुसरा कपाटात. आठ दिवसांनी कपाटातली मेथी पिवळी पडते. मग आपण म्हणतो, फरक फक्त उजेडाचा होता, म्हणजे कारणही उजेडच.

पण देशाचं तसं कसं करणार? नॉर्वे काही दोन नाहीत, की एकाला करमाफी द्यायची, एकाला नाही! मग अभ्यासकांनी काय केलं, तर शेजारी पाहिले. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि समुद्रातला आइसलंड. सगळे उत्तरेचे, सगळे सुखवस्तू. शाळा चांगल्या, रस्ते चांगले. अगदी सारखे डबे नव्हेत, पण बरेचसे सारखे. २०२४ चे आकडे पाहा. नॉर्वेत शंभरातल्या ८९ नव्या मोटारी विजेच्या, डेन्मार्कमध्ये निम्म्याच्या थोड्या वर, स्वीडनमध्ये साधारण ३५ आणि फिनलंडमध्ये ३० च्या आसपास. आणि पटीत पाहिलं, तर दहा वर्षांपूर्वी हे अंतर कितीतरी जास्त होतं.

मग एकेक कारण घेऊन ते सरहद्दीपलीकडे तपासायचं. चला, आपणही तपासू.

थंडी घ्या. थंडीत बॅटरी मंदावते हे खरं आहे. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेल बाटलीत घट्ट होतं ना, काहीसं तसंच बॅटरीतल्या द्रवाचंही होतं. तो गोठत नाही, पण दाट होतो आणि त्यातून विजेचे कण सावकाश सरकतात. शिवाय पेट्रोलचं इंजिन नाही तरी तापतंच, त्या उष्णतेवर गाडी आतून ऊबदार राहते. विजेच्या गाडीला ती ऊब बॅटरीतूनच काढावी लागते. नॉर्वेच्या मोटारचालकांच्या संघटनेने २०२० च्या हिवाळ्यात २० गाड्या प्रत्यक्ष बर्फात पळवून पाहिल्या. कंपनीने सांगितलेल्या अंतरापेक्षा त्या सरासरी साडेअठरा टक्के कमी पळाल्या. पण थंडी तर स्वीडनमध्येही आहे आणि फिनलंडमध्ये तर कडाक्याची! म्हणजे हा फरक काही थंडीमुळे पडलेला नाही.

बरं, वीज? नॉर्वेची जवळजवळ नव्वद टक्के वीज धबधब्यांवर आणि धरणांवर तयार होते. स्वच्छ आणि बरीच स्वस्त. हे कारण जरा पटण्यासारखं वाटतं. पण आइसलंडकडे बघा. तिथली जवळजवळ सगळी वीज पाण्यावर आणि जमिनीतल्या वाफेवर होते. तरी त्या वर्षांत तो नॉर्वेच्या बराच मागे होता. म्हणजे स्वच्छ वीज मदत करते, पण तेवढीच पुरत नाही.

मग राहिला पैसा. आणि इथे डेन्मार्कने नकळत मेथीचा प्रयोग करून दाखवला! डेन्मार्क हा सपाट आणि छोटा देश. तिथला सर्वांत उंच डोंगर दोनशे मीटरसुद्धा नाही. विजेच्या गाडीला याहून सोपा देश कोणता? तिथे गाड्यांवरचा कर इतका जबर, की मोठ्या गाडीवर तो गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त भरत असे. विजेच्या गाडीला मात्र तो माफ होता. २०१५ साली सरकारने ठरवलं, की आता ही माफी हळूहळू काढून घ्यायची. झालं! २०१५ मध्ये चार हजारांहून अधिक विजेच्या गाड्या खपल्या होत्या. २०१७ मध्ये हजारसुद्धा खपल्या नाहीत. रस्ते तेच, माणसं तीच, हवा तीच. बदलला तो फक्त कर. कपाटात ठेवलेला डबाच म्हणा ना! पुढे सवलती परत आल्या, तशी तिथली विक्रीही वर आली.

नॉर्वे, ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क यांच्या संस्थांनी मिळून 'कॉम्पेट' नावाचा अभ्यास याच सुमारास केला. त्यात ओस्लोची वाहतूक अर्थशास्त्र संस्था आणि ऑस्ट्रियाची ऊर्जा संस्था होती. नॉर्वेतल्या गाडीवाल्यांना त्यांनी प्रश्नपत्रिका पाठवल्या. विजेची गाडी असलेल्यांनाही आणि नसलेल्यांनाही. त्यातून दिसलं, की बहुतेक लोक घरीच गाडी चार्ज करतात. विजेच्या गाडीची माहिती ओळखीच्यांकडून, मित्रांकडून पसरते. आणि विजेची गाडी असलेल्या बऱ्याच घरांत आणखी एक, पेट्रोल-डिझेलची गाडी असतेच.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. कारण नॉर्वेच्याच दोन अर्थशास्त्रज्ञांनी, ब्यार्ट होल्ट्समार्क आणि अँडर्स स्कोनहोफ्ट यांनी, २०१४ साली नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांचा प्रश्न होता, की इतर देशांनी नॉर्वेची नक्कल करावी का? आणि त्यांचं उत्तर होतं, नको! इतक्या सवलती दिल्या तर बसने किंवा सायकलने जाणारा माणूसही दुसरी गाडी घेईल, असं ते म्हणाले. बसच्या मार्गिकेत गाड्यांचीच गर्दी होऊ लागली तेव्हा त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं हे दिसलं. मला विचाराल तर आपल्याच देशाचं सगळं जग कौतुक करत असताना "थांबा, नीट बघा" म्हणणाऱ्या या दोघांची मला गंमत वाटते आणि जरा आदरही वाटतो.

गिऱ्हाइकाचं सोंग

आता मुख्य गोष्टीकडे येते. कर पाहिला, थंडी पाहिली, वीज पाहिली. पण गाडी माणूस विकत घेतो तो दुकानात. तिथे काय होतं, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठात तेव्हा गेरार्डो झाराझुआ दे रुबेन्स, लान्स नोएल आणि बेंजामिन सोवाकूल हे तीन संशोधक काम करत होते. त्यांच्या गटाने आधी उत्तरेच्या पाचही देशांतल्या १७ शहरांत फिरून २२७ मुलाखती घेतल्या. सरकारी अधिकारी, वीज कंपन्या, विद्यापीठं, गाड्या विकणारे, सगळे. पण मुलाखतीत माणूस जरा सावरूनच बोलतो. तुम्हीसुद्धा शाळेत तपासणीला साहेब आले की कसे शहाण्यासारखे बसता!

म्हणून त्यांनी एक युक्ती केली. गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन ते गाड्यांच्या दुकानांत शिरले. पाच देशांत मिळून ८२ दुकानं आणि १२६ भेटी. "आम्हाला गाडी घ्यायची आहे," एवढंच म्हणायचं, विक्रेता काय दाखवतो ते बघायचं आणि बाहेर येऊन सगळं लिहून काढायचं. अगदी गुप्तहेरासारखं! मात्र त्यांनी कुणाही विक्रेत्याचं नाव छापलं नाही. कारण त्यांना माणूस पकडायचा नव्हता, सवय पकडायची होती.

२०१८ मध्ये हा अभ्यास 'नेचर एनर्जी' या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. काय सापडलं म्हणता? जवळजवळ दोनतृतीयांश भेटींत विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला पेट्रोल-डिझेलच्या गाडीकडेच वळवलं. आणि शंभरातल्या ७७ वेळा, त्यांच्याच कंपनीची विजेची गाडी असूनही तिचा विषय काढला नाही! कुणी तिच्याबद्दल चुकीची माहिती दिली, तर कुणाला मुळात माहितीच नव्हती. चित्र वेगळं दिसलं ते मुख्यतः नॉर्वेत. तिथले सरकार वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आलं होतं, त्यामुळे विक्रेताही ती गाडी मनापासून दाखवत होता.

हे वाचताना मला एकदम आमच्या गावातलं एक दुकान आठवलं. मागच्या दिवाळीत शाळेत जायला-यायला विजेची स्कूटर घ्यावी म्हणून मी चौकशीला गेले होते. रोज येऊन-जाऊन २२ किलोमीटर. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, ती राहू द्या, पावसात त्रास देते. ही पेट्रोलची बघा." विजेची स्कूटर कोपऱ्यात धूळ खात होती. एकदा चार्ज केली की किती पळते, हे त्याला सांगता आलं नाही. मी पेट्रोलची घेऊन घरी आले. म्हणजे ऑरहूसच्या संशोधकांनी लिहिलेलं गिऱ्हाईक मीच की! फरक इतकाच, की मी सोंग घेतलं नव्हतं.

विक्रेते असं का वागतात, तेही संशोधकांनी शोधलं. विजेची गाडी विकायला वेळ जास्त लागतो, कारण गिऱ्हाईक शंभर प्रश्न विचारतं. त्यावर सुटणारा पैसा कमी. आणि तिसरं कारण वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ गप्पच बसले. या गाडीला दुरुस्ती कमी लागते, म्हणून सर्व्हिसिंगची कमाई बुडते!

म्हणजे मागच्या बाकावरच्या आमच्या मुलीने नेमकं तेच विचारलं होतं. आठ वर्षांच्या पोरीने!

गॅरेजचं काय?

विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, सायलेन्सर नाही आणि बहुतेकींना क्लचही नाही. म्हणजे गॅरेजवाल्याच्या रोजच्या कामातली कितीतरी कामं सरळ वजा. हे लपवण्यात अर्थ नाही. टायर, ब्रेक, शॉकअब्सॉर्बर, बेअरिंग, दिवे, वायरिंग ही कामं राहतात. बॅटरीचं काम मात्र नवं आणि धोक्याचं. मोटारीतल्या बॅटरीचा दाब काहीशे व्होल्ट असतो, शिक्षण घेतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

पण नॉर्वेचाच आणखी एक आकडा पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे एक मोठी बातमी झाली. रस्त्यावरच्या विजेच्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींपेक्षा जास्त झाल्या. ७,५४,३०३ विजेच्या आणि ७,५३,९०५ पेट्रोलच्या. पण देशात एकूण मोटारी होत्या सुमारे २८ लाख आणि त्यात तेव्हाही डिझेलवाल्याच सगळ्यांत जास्त! म्हणजे दुकानात शंभरातल्या नव्वद नव्या मोटारी विजेच्या आणि रस्त्यावर मात्र चारातली जेमतेम एक. कारण गाडी काही दिवाळीच्या कपड्यांसारखी दरवर्षी बदलत नाहीत, ती पंधरा-वीस वर्षं चालते. पहिल्या करमाफीपासून इथवर यायला नॉर्वेला ३४ वर्षं लागली. एवढ्या काळात गॅरेजवाल्याला शिकायला सवड मिळते, आणि त्याच्या मुलांनाही.

आपलं गणित नॉर्वेपेक्षा वेगळं आहे, हेही मी वर्गात सांगितलं. आपल्याकडे दुचाकी आणि रिक्षा जास्त. आपली पुष्कळशी वीज अजून कोळशावर होते, चंद्रपूरला मोठं केंद्र आहे ते तुम्ही भूगोलात वाचलंच असेल. शिवाय नॉर्वेने करमाफीत जेवढा पैसा सोडला तेवढा सोडायला त्यांच्याकडे तेलाचं उत्पन्न होतं. त्यांनीही २०२३ पासून महागड्या विजेच्या गाड्यांवर पुन्हा थोडा कर बसवला आहे. म्हणून त्यांचं उत्तर जसंच्या तसं आपल्या वहीत उतरवून चालणार नाही, पण प्रश्न सोडवायची त्यांची रीत घेता येते.

म्हणून आमच्या वर्गाने आता एक काम घेतलं आहे, तुम्हीही करून पाहा. आईबाबांबरोबर गाड्यांच्या दोन दुकानांत जा. "स्कूटर घ्यायची आहे," एवढंच आईबाबांना म्हणू द्या. विजेची की पेट्रोलची, ते सांगायचं नाही. तुम्ही फक्त कान देऊन ऐका आणि घरी येऊन चार गोष्टी लिहा. विक्रेत्याने आधी कोणती गाडी दाखवली? विजेच्या गाडीचं नाव स्वतःहून काढलं का? एका चार्जमध्ये ती किती किलोमीटर जाते ते सांगितलं का? आणि घरी येताना आईबाबांचं मत बदललं होतं का? कुणाचंही आणि दुकानाचंही नाव लिहायचं नाही, ऑरहूसच्या संशोधकांसारखं.

मागच्या बाकावरच्या आमच्या मुलीने यादी आधीच आणून दिली आहे. दुकानाची नव्हे, बाबांच्या गॅरेजची. त्यांनी एका आठवड्यात केलेली सगळी कामं तिने वहीत लिहिली आणि जी विजेच्या स्कूटरवरही करावी लागतील त्यांच्यापुढे लाल पेन्सिलीने खूण केली. ४१ कामांपैकी १९ वर खूण आहे. "आणि बाई," ती म्हणाली, "बाबा विचारत होते, बॅटरीचं काम शिकवतात ती शाळा कुठे असते?"

या वेळीही मला उत्तर माहीत नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर तालुक्याच्या आयटीआयमध्ये विचारायला आम्ही तिघं जाणार आहोत, ती, तिचे बाबा आणि मी.